एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी: सांगलीत बसून युरोपात कंपनी चालवताना

नेदरलँड्समधील एका छोट्या छापखान्याच्या हिशेबनीसाने 2023 च्या उन्हाळ्यात मला पत्र पाठवून विचारले होते, की आमच्या महिन्याच्या 29 युरोंच्या बिलासाठी त्यांनी दर वेळी परदेशी बँक हस्तांतराचा खर्च का सोसावा आणि ही रक्कम युरोपातील इतर बिलांप्रमाणे खात्यातून आपोआप वळती का होऊ शकत नाही. प्रश्न रास्त होता. माझ्या वडिलांचा सांगलीत छापखाना होता. प्लेट काढण्यापूर्वी फाइलमधील ब्लीड (कागद कापताना जाणारी कडेची जादा छपाई), रंगांचे विभाजन आणि अक्षरसंच तपासण्याचे जे काम ते डोळ्यांत तेल घालून करत, तेच काम करणारी एक संगणकप्रणाली मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून तयार केली आहे. तिचे बहुतेक ग्राहक जर्मनी, नेदरलँड्स आणि पोलंडमधील दहा-वीस माणसांचे छापखाने आहेत. भारतातून बिल पाठवण्यात कायद्याची अडचण नव्हती, कारण बाहेरच्या देशातून घेतलेल्या सेवेवरचा व्हॅट (मूल्यवर्धित कर) युरोपातील व्यावसायिक ग्राहक स्वतःच रिव्हर्स चार्जने भरतो. तरीही दर महिन्याला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक हस्तांतरात कापल्या जाणाऱ्या पैशांमुळे आणि अनोळखी देशाचे बिल पाहून ग्राहकाला होणाऱ्या संकोचामुळे आमची वाढ अडली होती.

या कारणासाठी मी एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी व्यक्तीला तिथल्या सरकारच्या ऑनलाइन सेवा वापरू देणारे डिजिटल ओळखपत्र, घेतली, तिच्या आधारे तिथे कंपनी नोंदवली आणि गेली अडीच वर्षे ती सांगलीतून चालवत आहे. हा आढावा त्या सेवेचा आहे. आपल्याकडे या विषयावरचे बरेचसे लेखन एक तर अर्ज भरून देणाऱ्यांची जाहिरात असते, नाही तर कार्ड हाती पडण्यापूर्वीचा उत्साह असतो. पहिला वार्षिक अहवाल, पहिला लाभांश आणि भारतातील दोन वर्षांची विवरणपत्रे पार पडल्यावर मी हे लिहीत आहे.

एस्टोनियाच निवडण्याआधी मी इतर पर्याय पाहिले होते. जर्मनीत मर्यादित दायित्वाची कंपनी म्हणजे गेएमबेहा काढायची तर 25,000 युरोंचे भागभांडवल आणि नोटरीसमोरची प्रक्रिया लागते. लंडनमध्ये परदेशी नागरिकाला घरबसल्या आणि अगदी स्वस्तात कंपनी नोंदवता येते, परंतु 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटन युरोपीय संघाच्या व्हॅट व्यवस्थेच्या बाहेर असल्यामुळे तिथले बिलही ग्राहकाला संघाबाहेरचेच ठरले असते आणि माझा प्रश्न सुटत नव्हता. दुबईचा सल्ला मला सर्वाधिक लोकांनी दिला, पण माझा एकही ग्राहक तिथे नाही आणि राहायला मला तिथे जायचे नव्हते. एस्टोनिया युरोपीय संघात आहे, 2011 पासून त्याचे चलन युरो आहे आणि नागरिक नसलेल्या, त्या देशात कधी पाऊलही न टाकलेल्या माणसासाठी त्या सरकारने मुद्दाम वाट तयार केली आहे. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटली. इतरत्र परक्या माणसाला मूळ नियमांतील एखाद्या अपवादाच्या फटीतून आत शिरावे लागते, तर इथे नियम त्याला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेले आहेत.

ही सेवा 1 डिसेंबर 2014 रोजी सुरू झाली. जेमतेम साडेतेरा लाख लोकसंख्येच्या या देशाने आतापर्यंत एक लाखाहून अधिक परदेशी व्यक्तींना हे कार्ड दिले आहे. ते देणे त्यांना शक्य झाले, कारण आपल्या नागरिकांसाठी ही व्यवस्था त्यांनी आधीच उभी केली होती. सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकींशी जोडणारे एक्स-रोड हे जाळे 2001 मध्ये सुरू झाले, डिजिटल ओळखपत्र 2002 मध्ये आले आणि 2005 मध्ये तिथे इंटरनेटवरून मतदानही झाले. ई-रेसिडेन्सी म्हणजे त्याच यंत्रणेचे एक दार परक्यांसाठी उघडणे होय. त्या दारातून काय मिळत नाही, हे सेवेच्या अधिकृत माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे आणि त्याबद्दल मला या सरकारचा आदर वाटतो. या कार्डाने नागरिकत्व मिळत नाही, व्हिसा मिळत नाही, तिथे राहण्याचा हक्क मिळत नाही आणि तुम्ही तिथले करदातेही ठरत नाही. कार्डावर छायाचित्रसुद्धा नसते, कारण ते हातात धरून दाखवायचे ओळखपत्र नाही. संगणकावर स्वतःची ओळख पटवणे आणि कागदपत्रांवर कायदेशीर स्वाक्षरी करणे एवढेच त्याचे काम आहे.

अर्ज मी ऑगस्ट 2023 मध्ये भरला. पारपत्राची प्रत, छायाचित्र, व्यवसायाचा तपशील आणि ई-रेसिडेन्सी कशासाठी हवी याचे निवेदन एवढ्यावर तो पूर्ण होतो. निवेदनाच्या रकान्यात अनेक जण चार औपचारिक वाक्ये लिहून मोकळे होतात. मी मात्र कोणत्या देशांत ग्राहक आहेत, बिलांची सरासरी रक्कम किती आहे आणि अडचण नेमकी कोणती आहे ते लिहिले. हा अर्ज तिथले पोलीस आणि सीमा सुरक्षा खाते तपासते, पार्श्वभूमीची चौकशी करते आणि मग निर्णय देते. मी 120 युरो शुल्क भरले होते. त्यानंतर ते वाढले आहे. मंजुरीचे पत्र महिनाभराच्या आत आले आणि कार्ड नवी दिल्लीतील एस्टोनियन दूतावासात पोहोचायला आणखी काही आठवडे लागले.

कार्ड घ्यायला स्वतः जावे लागते, कारण तिथे बोटांचे ठसे घेऊन ओळख पडताळतात. मिरजेहून गोवा एक्सप्रेस पकडली की दीड दिवसाच्या आसपास हजरत निजामुद्दीनला उतरता येते, तशी मी गेले. दूतावासातील काम अर्ध्या तासाच्या आत संपले. हातात आलेल्या संचात कार्ड, ते संगणकाला जोडण्याचे छोटे वाचकयंत्र आणि गुप्त क्रमांकांचा बंद लिफाफा एवढेच होते. पहिला क्रमांक लॉगइनसाठी, दुसरा स्वाक्षरीसाठी आणि तिसरा पहिले दोन चुकून बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्यासाठी असतो. ओळख आणि स्वाक्षरी यांना वेगळे क्रमांक असणे ही बारीकशी वाटणारी योजना अनुभवाने फार मोलाची ठरली, कारण आपण आता केवळ पाहत आहोत की स्वतःला कायद्याने बांधून घेत आहोत, हे हाताला नेमके कळत राहते.

सांगली ते दिल्ली हा प्रवास मला खर्चाच्या दृष्टीने परवडला, पण महाराष्ट्रातून अर्ज करणाऱ्याने तो हिशेबात धरायलाच हवा. कार्ड पाच वर्षे चालते आणि मुदत संपल्यावर नवे कार्ड घ्यायला पुन्हा तेवढेच अंतर जावे लागते. मुंबईत ही सोय झाली तर महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात या तिन्ही ठिकाणच्या लहान उद्योजकांचा मोठा त्रास वाचेल.

कंपनीच्या नोंदणीबद्दल मात्र मी मनापासून कौतुकच करीन. तिथल्या खासगी मर्यादित कंपनीला ओसाउहिंग म्हणतात आणि नावापुढे ओउ ही अक्षरे लावतात. नोंदणी तिथल्या ई-व्यवसाय नोंदवहीत, इंग्रजीतूनही करता येते. नाव उपलब्ध आहे का ते तिथेच कळते, व्यवसायाचे वर्गीकरण यादीतून निवडता येते, नियमावलीचा नमुना तयार मिळतो आणि शेवटी कार्ड लावून स्वाक्षरी केली की अर्ज जातो. मला 265 युरो शुल्क पडले. फेब्रुवारी 2023 पर्यंत किमान भागभांडवल 2,500 युरो असे. आता प्रत्येक भागधारकामागे एक सेंट एवढेही चालते. मी तरीही 2,500 युरोंचेच भांडवल ठेवले, कारण सुरुवातीचा खर्च कुठून होणार हे पुढे बँक विचारते आणि एका सेंटाच्या कंपनीला त्याचे उत्तर देणे अवघड जाते. अर्ज संध्याकाळी गेला, दुसऱ्या कामाच्या दिवशी दुपारी नोंदणी क्रमांक आला. वडिलांनी सगळी कागदपत्रे चष्मा लावून पाहिली आणि कंपनीचा शिक्का कुठे आहे ते विचारले. शिक्का लागतच नाही हे त्यांना पटायला दोन दिवस लागले, आणि मला ते समजू शकते, कारण त्यांच्या उमेदीची चाळीस वर्षे शिक्के, सह्या आणि तिहेरी प्रतींचे पावतीपुस्तक छापण्यात गेली आहेत.

आपल्याकडेही कंपनी कायद्याच्या कामासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरतात, तेव्हा कल्पना नवी नाही. फरक वापराच्या व्याप्तीत आहे. भारतात ते टोकन बहुधा सीएच्या कार्यालयातील टेबलाच्या खणात असते आणि मालकाच्या वतीने तिसराच कोणीतरी ते लावतो. एस्टोनियात ते कार्ड स्वतःच्या हातात असावे अशी अपेक्षा आहे आणि त्यावर केलेली स्वाक्षरी युरोपीय संघाच्या नियमानुसार हाताने केलेल्या सहीच्या बरोबरीची धरली जाते. पोलंडमधील एका ग्राहकाशी केलेला वार्षिक करार मी सांगलीत रात्री साडेनऊला सही करून पाठवला आणि त्यांच्या वकिलाने तो कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारला. या एका अनुभवाने मला जेवढा आत्मविश्वास दिला तेवढा दुसऱ्या कशानेही दिला नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न अर्थातच मनात होता. 2017 मध्ये या कार्डांतील चिपमध्ये गंभीर दोष सापडला होता. त्या सरकारने तो जनतेपासून लपवला नाही, नोव्हेंबरमध्ये सुमारे 7 लाख 60 हजार कार्डांची प्रमाणपत्रे थांबवली आणि ती दुरून नव्याने भरून घेण्याची सोय केली. दोष कुठल्याही यंत्रणेत निघू शकतो, पण तो निघाल्यावर सांगणारे सरकार आहे हे पाहून मी माझा व्यवसाय त्या कार्डावर ठेवायला तयार झाले.

इथपर्यंतचा भाग त्या राज्याच्या हातातला होता आणि तो चोख होता. पुढचा भाग बाजाराच्या हातातला आहे आणि तिथे अडचणी सुरू होतात. कंपनीचे संचालक मंडळ परदेशात असेल तर एस्टोनियातील कायदेशीर पत्ता आणि परवानाधारक संपर्क व्यक्ती नेमणे बंधनकारक असते. ही सेवा देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत आणि त्यासाठी वर्षाला काही शे युरो मोजावे लागतात. मी सुरुवातीला ज्यांच्याकडे गेले त्यांच्या जाहिरातीत ‘शून्य टक्के कर’ हे शब्द सर्वांत मोठ्या अक्षरांत होते. भारतातील कराबद्दल मी तीन वेळा विचारले आणि तिन्ही वेळा मला तेच साचेबंद उत्तर मिळाले, की तो तुमच्या देशाचा विषय आहे. चार महिन्यांनी मी सेवादाता बदलला. बदल नोंदवहीत करायला पंधरा मिनिटे लागली. जुन्या सेवादात्याकडून हिशेबाच्या फाइली मिळवायला सहा आठवडे लागले. करार करण्यापूर्वी हिशेबाच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील हे लेखी घ्यावे, असे मी इतरांना आग्रहाने सांगते.

बँक खात्याबाबत बाळगलेल्या अपेक्षा आधीच खाली आणाव्यात. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातील शाखेतून 2007 ते 2015 या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे 200 अब्ज युरो फिरले आणि त्यांतील मोठा भाग संशयास्पद होता, हे उघड झाल्यापासून तिथल्या बँका अनिवासी ग्राहकांबद्दल अतिशय सावध आहेत आणि त्यांना तसे असण्याचा अधिकार आहे. देशाशी तुमचा प्रत्यक्ष संबंध काय, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. तिथे कर्मचारी नाही, कार्यालय नाही आणि ग्राहकही जर्मनीत असतील तर उत्तर देणे कठीण जाते. एका बँकेने मला नकार दिला. नंतर युरोपात परवाना असलेल्या एका ऑनलाइन पेमेंट संस्थेत खाते उघडले आणि युरोंचा स्थानिक खाते क्रमांक मिळाला. महिन्याचे 29 युरो ग्राहकाच्या खात्यातून आता कोणत्याही कपातीशिवाय वळते होतात. नेदरलँड्सच्या त्या हिशेबनीसाला मी पहिले पत्र याबद्दलच पाठवले.

व्हॅट क्रमांक मला जानेवारी 2024 मध्ये मिळाला. वर्षाला 40,000 युरोंच्या करपात्र उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. मी ती स्वेच्छेने केली. करखात्याने दोनदा प्रश्न पाठवले. काम प्रत्यक्ष कुठे होते, ग्राहक कोण आहेत, करार दाखवता येतील का, असे ते प्रश्न होते. केवळ पत्ता राजधानी तालिनमधला आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही आणि नोंदणी हा हक्क आहे असे समजून कोणी जाऊ नये. क्रमांक मिळाल्यावर दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत विवरणपत्र भरावे लागते. उलाढाल शून्य असली तरी ते चुकत नाही. शिवाय कंपनीचा वार्षिक अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत दाखल करायचा असतो आणि तो एस्टोनियन भाषेत असतो. पहिले आर्थिक वर्ष अठरा महिन्यांपर्यंत लांबवता येते, म्हणून मी ते 31 डिसेंबर 2024 पर्यंत धरले आणि एक अहवाल वाचवला. खात्यांकडून येणारी काही पत्रेही एस्टोनियनमध्येच येतात. भाषांतराच्या साधनांनी अर्थ लागतो, परंतु मुदत आणि दंड यांबाबत अंदाजावर राहणे धोक्याचे आहे. तिथला हिशेबनीस नेमण्याचा खर्च टाळता येत नाही आणि टाळू नये.

आता त्या शून्य टक्क्यांबद्दल लिहिते, कारण आपल्याकडच्या तरुणांची सर्वाधिक दिशाभूल इथे होते. एस्टोनियात कंपनीने नफा कंपनीतच ठेवला तर त्यावर कर लागत नाही, हे खरे आहे. लाभांश वाटला की मात्र कर लागतो. 2025 पासून तो वाटपासाठीच्या एकूण रकमेच्या 22 टक्के आहे. म्हणजे 1,000 युरोंच्या नफ्यातले 220 तिथे जातात आणि 780 भागधारकाच्या हाती येतात. मी भारतात राहते, त्यामुळे हे 780 युरो माझ्या भारतातील उत्पन्नात धरले जातात. तिथे भरलेला कर कंपनीचा आहे, माझा नाही, म्हणून त्याचे श्रेय मला वैयक्तिक विवरणपत्रात घेता येत नाही. तीस टक्क्यांच्या टप्प्यावर उपकरासह हिशेब केला तर शेवटी सुमारे 537 युरो उरतात. तेच हजार युरो सांगलीतील व्यवसायात थेट मिळाले असते तर त्याच टप्प्यावर 688 उरले असते. कर वाचवण्यासाठी भारतातील रहिवाशाने एस्टोनियात कंपनी काढणे म्हणजे जास्त कर भरण्यासाठी जास्त कष्ट घेणे होय.

संचालक म्हणून मानधन घेतले तर त्याहून अधिक जाते. संचालक मंडळाच्या सदस्याचे मानधन, तो कुठेही राहत असला तरी, एस्टोनियात प्राप्तिकराला पात्र असते आणि कंपनीला त्यावर 33 टक्के सामाजिक कर वेगळा भरावा लागतो. म्हणून मी वेगळी रचना स्वीकारली. प्रणाली लिहिण्याचे आणि ती सांभाळण्याचे काम सांगलीतील आमचा व्यवसाय करतो, त्याचे बिल एस्टोनियन कंपनीला जाते, पैसे भारतात सेवा-निर्यात म्हणून येतात आणि त्यावर इथे कर भरला जातो. तिकडे विक्री, ग्राहकसेवा आणि वसुलीपुरताच नफा उरतो. दोन्ही बाजूंना मालक मीच असल्यामुळे हा व्यवहार संबंधित पक्षांमधला ठरतो. तिऱ्हाईताला लावली असती तीच किंमत इथे लावली आहे, हे दाखवणारा सीएचा अहवाल रक्कम लहान असली तरी द्यावा लागला. तो खर्च मी सुरुवातीला धरला नव्हता.

माझी खरी दमछाक झाली ती भारताच्या बाजूने पैसे पाठवताना. शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचे समभाग घेणे म्हणजे परकीय चलन कायद्याच्या भाषेत विदेशातील थेट गुंतवणूक होय, आणि रक्कम 2,500 युरो असली तरी तिला तेच नियम लागतात. ऑगस्ट 2022 मध्ये आलेल्या नव्या नियमांनुसार निवासी व्यक्तीला अशी गुंतवणूक, व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या उदारीकृत प्रेषण योजनेच्या वार्षिक अडीच लाख डॉलरांच्या मर्यादेत करता येते. मात्र पैसे पाठवण्यापूर्वी बँकेमार्फत एफसी हा अर्ज देऊन विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो, समभागांचा पुरावा सहा महिन्यांत द्यावा लागतो आणि पुढे दर वर्षी 31 डिसेंबरपर्यंत कंपनीच्या कामगिरीचा अहवाल सादर करावा लागतो. माझ्या बँकेच्या शाखेतील अधिकाऱ्यांनी हा अर्ज कधी पाहिलेला नव्हता. त्यांनी मला नातेवाइकाला पैसे पाठवण्याचा साधा अर्ज भरून द्यायला सांगितले. तो भरला असता तर पैसे दुसऱ्याच दिवशी गेले असते आणि पुढची सगळी वर्षे माझी कंपनी भारताच्या कायद्याच्या दृष्टीने अनियमित राहिली असती. मी नकार दिला, बँकेच्या परकीय चलन विभागाशी संपर्क साधला आणि सात आठवड्यांनी ते काम रीतसर झाले. त्या विभागातील एका अधिकारी बाईंनी प्रत्येक रकाना माझ्याबरोबर बसून भरून घेतला, त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या अनुसूचीत हे समभाग आणि कंपनीच्या खात्यावरील सहीचा अधिकार दर वर्षी दाखवावा लागतो. ते विसरल्यास 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो (ऑक्टोबर 2024 पासून स्थावर सोडून एकूण वीस लाख रुपयांपर्यंतच्या परकीय मालमत्तेला त्यातून सूट आहे), आणि उत्पन्न शून्य होते हे कारण त्याला पुरत नाही. आणखी एक मुद्दा माझ्या सीएंनी पहिल्याच भेटीत मांडला होता. कंपनीचे प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतातून होत असेल तर तिला भारताची करनिवासी, म्हणजे इथेच कर भरायला बांधलेली कंपनी, मानता येते. वर्षाला 50 कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीच्या कंपन्यांना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने 2017 मध्ये या तरतुदीतून बाहेर ठेवले. तथापि सांगलीतील टेबल हे त्या कंपनीचे भारतातील स्थायी ठिकाण, म्हणजे जिथल्या नफ्यावर भारत कर लावू शकेल असे व्यवसायाचे ठिकाण, ठरते का, हा प्रश्न दोन्ही देशांतील दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार वेगळा तपासावा लागतो. आम्ही कामाची लेखी विभागणी केली आहे, करार ठेवले आहेत आणि इथला नफा इथे दाखवतो. हा भाग स्वतः वाचून समजून घ्यावा. केवळ सीए सांगतात म्हणून सही करू नये.

खर्चाचा अंदाज देते. कार्ड, दिल्लीचा प्रवास, नोंदणी आणि पहिल्या वर्षाची पत्त्याची सेवा मिळून मला सुमारे 950 युरो लागले. त्यानंतर तिथला हिशेबनीस, पत्ता आणि भारतातील सीएंचे वाढीव काम यांवर वर्षाला सव्वादोन हजार युरोंच्या आसपास जातात. आमचे ग्राहक अकरांवरून चौऱ्याहत्तरांवर गेले म्हणून हा खर्च भरून निघतो. पंधरा ग्राहकांवर तो निघाला नसता. म्हणून ज्याच्याकडे युरोपातून नियमित बिले देणारे ग्राहक आधीपासून आहेत, ज्याचे काम संगणकावर होते आणि ज्याला दोन देशांच्या मुदती पाळण्याची शिस्त आहे, त्याला मी ही सेवा घ्यायला सांगते. माल साठवून विकणाऱ्याला, तिथे स्थायिक होण्याची आशा बाळगणाऱ्याला किंवा अजून एकही ग्राहक नसलेल्याला मी थांबायला सांगते. त्यांच्यासाठी भारतातील आयात-निर्यात क्रमांक आणि साधे परकीय चलनाचे बिल बराच काळ पुरते.

एस्टोनियाच्या सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देते. अर्धा गुण कमी केला तो दिल्लीच्या सक्तीसाठी आणि एस्टोनियन भाषेतच अहवाल मागणाऱ्या नियमाचा खुलासा अर्जाच्या वेळी पुरेसा ठळक नसल्यासाठी. आतापर्यंत ज्या देशाच्या भूमीवर मी पाऊल टाकले नाही, त्याच्या सरकारने माझी सही नागरिकाच्या सहीइतकीच मोलाची मानली आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचे लेखी उत्तर दिले, हे मी विसरणार नाही. माझ्या कार्डाची मुदत 2028 मध्ये संपते. तोवर मुंबईत सोय झाली नाही, तर मिरजेहून पुन्हा तीच गाडी पकडीन, आणि या वेळी वडिलांनाही बरोबर नेणार आहे.